ह्यांचं अधिवेशन, आपला गोवा

“पुढच्या महिन्यात गोव्याला अधिवेशन आहे, येतेस का?” असं ह्यांनी विचारलं की आपण आधी मुलांच्या परीक्षा नि सासूबाईंची औषधं आठवतो आणि मग हळूच हो म्हणतो. डॉक्टर काय, इंजिनियर काय, साऱ्यांचीच अधिवेशनं हल्ली समुद्रकाठच्या हॉटेलांत भरतात. सकाळी नऊला गळ्यात बिल्ला अडकवून मंडळी जी जातात ती संध्याकाळीच उगवतात. मधला दिवस आपला. तेव्हा मैत्रिणींनो, निघण्यापूर्वी थोडी चौकशी करून ठेवा.

हॉटेल नेमकं कुठे आहे? नुसतं ‘गोवा’ म्हणून भागत नाही. कळंगुट, कांदोळी उत्तरेला बारदेशात; कोलवा, बाणावली, वार्का दक्षिणेला सासष्टीत. कोकण रेल्वेनं जायचं तर उत्तरेसाठी थिवीला उतरावं, दक्षिणेसाठी मडगावला. विमानतळही आता दोन आहेत. दाबोळीचा वास्कोजवळ, आणि 2023 साली सुरू झालेला मोपाचा पार पेडण्यात. तिकीट स्वस्त म्हणून मोपाला उतरलात आणि अधिवेशन वार्क्याला असलं, तर वाचलेले पैसे टॅक्सीवाल्याच्या हातावर ठेवावे लागतात!

सोबत येणाऱ्यांची फी बहुधा वेगळी असते. ती भरली आहे का, त्यात जेवण आहे की नाही, हे घरीच विचारा. नाहीतर जेवणाच्या दाराशी कूपन मागतात आणि नेमके तेव्हा ह्यांचा पत्ता नसतो. आणि हो, पैसे, खोलीची किल्ली, हॉटेलचा पत्ता आपल्या पर्समध्ये हवा. ह्यांचं पाकीट हॉलमध्ये नि आपण बाजारात, असं नको.

आता समुद्राचं. ह्याबद्दल मात्र जरा ठासून सांगते. गेल्या खेपेला मी एकटीच किनाऱ्यावर गेले होते. गुडघाभर पाणी, त्यात काय होतंय, असं वाटलं. लाट परतली तशी पायाखालची वाळूच सरकली आणि मी खाली बसले. साडीचा घोळ भिजून पायांत अडकला, उठता येईना. शिट्टी वाजवत जीवरक्षक धावला म्हणून बरं. मला तर आजवर वाटायचं, बुडतात ती पोरंटोरं!

म्हणून पाण्यात जायचं तर सलवार-कमीज बरा, आणि एकटीनं जाऊच नये. लाल झेंडा असेल तिथे पाऊल घालू नका. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यावर जीवरक्षकांची नजर असते, तिथेच राहा. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्येच पाणी शांत दिसतंय, अशी जागा आपल्याला सुरक्षित वाटते. पण पुष्कळदा तिथूनच पाणी आत ओढ घेतं. सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे झगडू नका, दम संपतो. तरंगत राहून हात वर करा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं सरकत ओढीबाहेर पडा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात आणि पावसाळ्यात तर लांबूनच नमस्कार.

शेवटच्या रात्री जेवणावळ होते, पेले भरतात, आणि कुणीतरी “चला, समुद्रावर!” अशी टूम काढतो. अंधारात जीवरक्षक नसतात. लोक काय म्हणतील ते म्हणोत, ह्यांचा हात धरून ठेवा. बायकोला भितात म्हणून मित्र चिडवतील, चिडवू द्या.

बाकी दिवसाची काळजी नको. पणजीहून फोंड्याच्या वाटेवर मंगेशी आहे, जुन्या गोव्यातली मोठाली चर्चेस आहेत. पणजी ते मडगाव कदंबची बस चांगली. मोटारसायकलवाल्या ‘पायलट’च्या मागे बसायचं झालं तर पदर खोचून, चाकापासून लांब धरून बसा. हॉटेलचं हॉल थंडगार असतं, एखादी शाल असू द्या. दमट हवेत कपडे लवकर वाळत नाहीत, तेव्हा एक जोड जास्तच घ्या.

आणि शुक्रवार पदरात पडला तर म्हापशाचा बाजार सोडू नका. आमसुलं, सुक्या मिरच्या, काजू घ्या. आमसुलं डब्यात भरा, पिशवीत नको. माझ्या आमसुलांनी ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर काढलेली नक्षी अजून गेलेली नाही.