वत्स म्हणजे वासरू, वत्स म्हणजे बाळ

गेल्या श्रावणात आत्याच्या घरी महिन्याभरात दोन बाळंतपणं झाली. आधी तिच्या सुनेचं, मग गोठ्यातल्या गावठी गाईचं. आत्याचं गाव मालेगाव तालुक्यात. वाशीमचं मालेगाव, नाशिकचं नव्हे. हे दर वेळी सांगावं लागतं. गाय व्याली तेव्हा मी तिथेच होतो. पहाटे चारला बॅटरीच्या उजेडात आधी पुढचे दोन खूर दिसले, त्यांवर टेकलेलं नाक दिसलं, आणि मग एका कळेसरशी सगळं ओलं गाठोडं कडब्यावर आलं. गाय चाटू लागली. वासरानं मागचे पाय उचलले आणि ते तोंडावर आपटलं. पुन्हा उठलं, पुन्हा पडलं. चौथ्या की पाचव्या खेपेला चारही पाय फाकवून उभं राहिलं आणि लटपटत आईच्या पुढच्या पायांमध्ये सड शोधू लागलं. चुकीच्या टोकाला, पण शोधू लागलं. तोवर पाऊण तास झाला होता.

"पाय बरं," आत्या म्हणाली, "जनावराचं लेकरू घंट्याभरात उभं रायते. आपल्याले वरीस लागते."

आत पाळण्यात तिचा नातू मुठी आवळून निजला होता. एकवीस दिवसांचा, अजून मान धरत नव्हता.

वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी ज्याच्या अमदानीत खोदली गेली तो हरिषेण याच शाखेचा. नाव वत्स ऋषींवरून पडलं अशी कथा आहे. पण संस्कृतात वत्स म्हणजे वासरू आणि वत्स म्हणजे लेकरूसुद्धा. वात्सल्य हा शब्द मुळात गोठ्यातून घरात आलेला. त्या पहाटे हा दुहेरी अर्थ माझ्यापुढे अक्षरशः दोन खोल्यांत मांडलेला होता.

आत्याच्या बोलण्यात एक गोम होती. दोघांचा पोटातला मुक्काम जवळजवळ सारखाच असतो. गाय भरल्यापासून साधारण २८० ते २८५ दिवसांनी विते. बाईचे नऊ महिने नऊ दिवस म्हणजेही २८० च, फक्त ती मोजणी शेवटच्या पाळीपासूनची. खरे दिवस दोनेक आठवड्यांनी कमी. मग त्याच मुदतीत एकाला चालता येतं आणि दुसऱ्याला मान सावरत नाही, हे कसं?

सगळं त्या डोक्यापाशी अडतं. जन्मताना बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान असतो. चिंपांझीचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचा मेंदू पूर्ण वाढीच्या सुमारे ४० टक्के झालेला असतो. अडोल्फ पोर्टमान या स्विस प्राणिशास्त्रज्ञानं हिशोब मांडला होता, की इतर वानरकुळाइतकं तयार होऊन जन्मायचं तर माणसाला आईच्या पोटात एकवीस महिने काढावे लागतील. एकवीस! हे मी आत्याच्या सुनेला सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरणार नाही. मग लवकर सुटका का होते? जुनं उत्तर असं, की दोन पायांवर चालणाऱ्या बाईचं कटीर अरुंद, त्यातून याहून मोठं डोकं निघणार नाही. होली डन्सवर्थ आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दुसरी बाजू मांडली. नवव्या महिन्यापर्यंत आईच्या शरीराचा रोजचा खर्च मूळच्या दुपटीवर जातो, त्यापलीकडे शरीराला पेलत नाही. मला हे उत्तर जास्त पटतं. नवव्या महिन्यातल्या कुठल्याही बाईला विचारा, तिलाही पटेल.

डोक्याची हाडं जन्मताना जुळलेली नसतात. ती वाट काढताना एकमेकांवर सरकतात, आणि मागे एक मऊ चौकोन उरतो. आपली टाळू. आत्या रोज सकाळी तेलात बोटं बुडवून नातवाची टाळू भरते. एकदा दारातल्या तिरप्या उन्हात मी ती नीट पाहिली. तेलानं चमकणारी कातडी नाडीच्या ठेक्यावर हलकेच वर-खाली होत होती. ही खिडकी वर्ष-दीड वर्षानं हळूहळू मिटते. ती खोल गेलेली दिसली तर बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालंय, हे दवाखान्यातले डॉक्टरही ओळखतात आणि जुन्या बायकाही.

आणि चालण्याचं म्हणाल, तर बाळ ते शिकूनच येतं. काखेत धरून तळवे गादीला टेकवा, ते एकापुढे एक पाय टाकतं. आत्याच्या नातवानं चार पावलं टाकली. सगळं घर गोळा झालं. दोनेक महिन्यांत ही पावलं नाहीशी होतात. पूर्वी समजत, मेंदू वाढला की ही उपजत हालचाल दबून जाते. एस्थर थेलन या अमेरिकन संशोधक बाईनं १९८४ मध्ये साधी युक्ती केली: पावलं 'विसरलेल्या' बाळांचे पाय पाण्यात बुडवून त्यांना उभं धरलं. पावलं परत आली! बाळ काहीच विसरलेलं नव्हतं. मांड्या गुबगुबीत झाल्या, ताकद तेवढी वाढली नाही, इतकंच. ते गुबगुबीतपण तरी कशासाठी? माणसाचं बाळ हे जन्मताना सस्तन प्राण्यांतल्या सर्वांत चरबीवाल्या पिल्लांपैकी एक असतं, आणि ती चरबी बहुतांशी त्या खादाड मेंदूची शिदोरी असते.

सकाळी गाईचा चीक काढला. घरात खरवसाची चर्चा सुरू झाली, पण आत्यानं आधी वासराला पोटभर पाजलं, आणि तिचं बरोबर होतं. गाईच्या वारेत आईचं रक्त आणि वासराचं रक्त यांच्यामध्ये इतके पडदे असतात, की आईची रोगप्रतिकारक द्रव्यं पलीकडे जातच नाहीत. वासरू अगदी निःशस्त्र जन्मतं. ती द्रव्यं चिकातून मिळतात, आणि ती शोषून घेणारं आतड्याचं दार चोवीस तासांत बंद होतं. त्या मुदतीत आपण खरवसाच्या वड्या पाडल्या तर वासराचं कवच आपण खाल्लं.

माणसाची वार वेगळी. ती आईच्या रक्तात थेट बुडालेली असते, म्हणून बाळ आईची द्रव्यं अंगात घेऊनच बाहेर येतं. पण वाट उघडी असली की वाहतूक दोन्ही बाजूंनी होते. बाळाच्या पेशी आईच्या अंगात शिरतात आणि तिथेच राहून जातात. डायना बियांकी यांच्या गटानं १९९६ मध्ये दाखवलं, की मुलगा झालेल्या एका बाईच्या रक्तात तब्बल २७ वर्षांनी पुरुषाच्या पेशी सापडल्या. म्हणजे मुलगा पुण्याला नोकरीला जातो, पण थोडासा आईतच मुक्कामाला असतो.

दुपारी शेजारचे एक काका वासरू पाहायला आले. पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "वशिंड कोठी हाय याले? पुरं हायब्रीड हाय." वऱ्हाडात हायब्रीड हा शब्द ज्वारीबरोबर साठच्या दशकात आला आणि आता चव नसलेल्या, जोर नसलेल्या कशालाही चिकटतो; नव्या पिढीलासुद्धा. पण वासराच्या बाबतीत काका शब्दशः खरे होते. आपली वशिंडाची गाय सिंधूच्या खोऱ्याकडे माणसाळली, जर्सीचे पूर्वज पश्चिम आशियात. दोन्ही रानटी घराणी त्याआधीच लाखो वर्षं वेगळी झालेली. ती दोन टोकं नायट्रोजनच्या कॅनमधून आलेल्या जर्सी रेताच्या एका कांडीनं मालेगाव तालुक्यात जुळली.

अशी जुळणी सगळ्यांची होत नाही. गाय आणि म्हैस एका दावणीला जन्म काढतात, पण गाईची गुणसूत्रं ६० आणि आपल्या म्हशीची ५०. त्यांचं वासरू होत नाही. घोड्याची ६४, गाढवाची ६२. त्यांचं खेचर होतं, ६३ चं. ओझं वाहायला आई-बापापेक्षा काटक, पण ६३ ची जोड्या लावून वाटणी होत नाही, म्हणून पुढे वंश नाही. संस्कृत ग्रंथांत अश्वतरी, म्हणजे मादी खेचर, गाभण राहिली की मरते असा दाखला येतो. आपलाच नाश ओढवून घेणाऱ्यासाठी तो वापरत. प्रत्यक्षात मादी खेचर क्वचित कधी व्यायल्याच्या नोंदी आहेत. नर खेचराला मात्र कधीच पिल्लू नाही. संकरात वांझपणाचा फटका, सस्तन प्राण्यांत तरी, आधी नराला बसतो, हा नियम जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडला. हेच हाल्डेन पुढे भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

मोबाईलवर अधूनमधून 'शेळीला माणसाच्या तोंडाचं पिल्लू' असा व्हिडिओ फिरतो. काकांनीही मला तो दाखवला. तो संकर नसतो. शेळीची गुणसूत्रं ६०, माणसाची ४६, आणि अंतर त्याहूनही मोठं. चेहऱ्याची हाडं वाढायची राहिली किंवा डोक्यात पाणी भरलं, की थोबाड चपटं होतं आणि आपल्याला त्यात माणूस दिसतो. असं व्यंग कधी चाऱ्यातूनही येतं. अमेरिकेतल्या आयडाहोत १९५० च्या दशकात मेंढ्यांना एका डोळ्याची कोकरं होऊ लागली. छडा लागला तेव्हा कारण निघालं एक रानटी रोप. गाभण मेंढीनं ते साधारण चौदाव्या दिवशी खाल्लं की कोकराचे दोन डोळे वेगळे होतच नसत.

मी काकांना म्हटलं, वासराला हायब्रीड म्हणता, मग पाळण्यातल्याला काय म्हणाल?

सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत बोटाच्या पेराएवढा एक हाडाचा तुकडा मिळाला. २०१८ मध्ये त्याचा जनुकवाचनाचा निकाल आला, तेव्हा संशोधकांनी आधी नमुन्यांची सरमिसळ झाली असंच धरलं असणार. हाड होतं तेरा-एक वर्षांच्या मुलीचं, सुमारे ९०,००० वर्षांपूर्वीचं. आई निअँडरथल, बाप डेनिसोवन. दोन वेगळ्या मानवजातींची थेट लेक. आफ्रिकेतून निघालेले आपले पूर्वजही वाटेत निअँडरथलांशी सोयरिक करून बसले. स्वांते पेबो यांच्या गटानं हे २०१० मध्ये सिद्ध केलं आणि २०२२ चं नोबेल त्यांना मिळालं. भारतीयांच्या अंगात तो वारसा एक-दोन टक्के आहे. पण प्रत्येकाकडचा तुकडा वेगळा. सुमारे २,७०० भारतीयांचे तुकडे एकत्र लावले तर निअँडरथलांच्या जनुकसंचाचा जवळपास निम्मा भाग पुन्हा जुळवता येतो. कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा एक तुकडा त्यांचाच, आणि दक्षिण आशियात तो सुमारे निम्म्या लोकांत सापडतो. उलट गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनशी संबंधित एक वाणही त्यांचंच. युरोपात तीन बायकांत एकीकडे ते आहे, आणि अशा बायकांत गर्भपात कमी दिसतात. निअँडरथल बापाकडून मुलाला जाणारं वाय गुणसूत्र मात्र आजच्या कुठल्याही पुरुषात सापडलेलं नाही. खेचरात दिसलेला हाल्डेनचा नियम इथेही चालला असावा, असं मला वाटत राहतं.

काका "हॅ" म्हणून निघून गेले. आत्या मात्र ऐकत होती. तेलाची वाटी पुढ्यात, नातू पायांवर आडवा.

"म्हंजे आमचा बी हायब्रीडच म्हणतं?"

"हो आत्या. दोन टक्के."

तिनं थोडा विचार केला. सून आत आहे ना, हे पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "ते आपल्याकडून आलं का इच्या माहेराकडून?"

"दोन्हीकडून."

"मंग हरकत नाई," आत्या म्हणाली, आणि तिनं बोटं तेलात बुडवली.