चीनचा धर्म, समाज आणि इतिहास: काय वाचावे?

चिनी माणूस मुळात धार्मिक नाही, हा समज जुना आहे आणि विसाव्या शतकातल्या अनेक चिनी विद्वानांनीही तो उचलून धरला होता. त्याला सर्वांत ठोस उत्तर देणारे सी. के. यांग यांचे ‘रिलिजन इन चायनीज सोसायटी’ (१९६१) आधी वाचावे. मठ आणि धर्मगुरू असलेला संघटित धर्म चीनमध्ये दुबळा होता, हे यांग मान्य करतात. पण घरोघरचे पूर्वजपूजन, कारागिरांच्या संघांचे देव, गावची देवळे आणि सम्राटाने स्वर्गाला वाहिलेले बळी अशा वाटांनी धर्म समाजव्यवहारात पुरता मुरलेला होता, असे ते दाखवतात. ग्रामदैवत, कुलाचार आणि जत्रा पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला हे पटवून द्यावे लागत नाही. पुस्तकाची भाषा जड आहे, तरी पहिली प्रकरणे नेटाने वाचावीत. पुढचे सगळे वाचन त्यांवर उभे राहते.

समाजरचनेसाठी फेई श्याओथोंग यांचे ‘फ्रॉम द सॉइल’ पुरेसे आहे. लंडनमध्ये मालिनोव्स्की यांच्याकडे शिकलेल्या या मानवशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात चिनी वाचकांसाठी लिहिलेले हे छोटे निबंध आहेत. पाण्यात दगड टाकल्यावर उमटणाऱ्या वर्तुळांसारखी चिनी माणसाची नाती स्वतःपासून बाहेर पसरत जातात, हा त्यांतला गाजलेला विचार.

फिलिप कून यांचे ‘सोलस्टीलर्स’ (१९९०) मात्र सावकाश वाचण्याचे पुस्तक आहे. १७६८ साली पूर्व चीनमध्ये अफवा उठली, की मांत्रिक लोकांच्या वेणीचे टोक कापतात आणि त्यावर मंत्र टाकून आत्मा चोरतात. भटके भिक्षू आणि भिकारी जमावाच्या तावडीत सापडू लागले. सम्राट छ्येनलोंग याला वेगळीच धास्ती वाटली. वेणी ही मांचू राजवटीपुढील शरणागतीची खूण होती, म्हणून वेणी कापणे त्याला राजद्रोह वाटला. वरून दट्ट्या आल्यावर अधिकाऱ्यांनी छळ करून कबुलीजबाब मिळवले; ते एकमेकांशी जुळेनात आणि अखेर मोहीम गुंडाळावी लागली. खेड्यातली भीती, नोकरशाहीची टाळाटाळ आणि सम्राटाचा संशय हे तिन्ही धागे कून एकाच प्रकरणातून उलगडतात. चिनी राज्यसत्ता लोकांच्या श्रद्धेकडे सावधपणे का पाहत आली, हे या पुस्तकाइतके स्पष्ट क्वचितच कुठे कळते.

त्यानंतरची मोठी घटना म्हणजे ताइपिंग बंड. सरकारी परीक्षेत वारंवार नापास झालेला हाँग श्यूछुआन स्वतःला येशूचा धाकटा भाऊ मानू लागला. १८५३ मध्ये त्याच्या सैन्याने नानजिंग घेतले आणि १८६४ पर्यंत राखले. या युद्धात कोट्यवधी माणसे दगावली. जोनाथन स्पेन्स यांचे ‘गॉड्स चायनीज सन’ ही कहाणी हाँगच्या मनाच्या बाजूने सांगते.

१८९८ मध्ये सुधारक कांग यूवेई यांनी देवळांच्या शाळा करण्याची सूचना मांडली. तिथून सुरू झालेला दीर्घ संघर्ष व्हिन्सेंट गूसार्ट आणि डेव्हिड पामर यांच्या ‘द रिलिजस क्वेश्चन इन मॉडर्न चायना’मध्ये (२०११) सलग वाचता येतो. गावपातळीवर त्याचे काय झाले, ते मूळचे आसामचे इतिहासकार प्रसेनजित दुआरा यांच्या ‘कल्चर, पॉवर अँड द स्टेट’मध्ये (१९८८) दिसते. गावातले पुढारपण देऊळ आणि कुळ यांच्या कारभारातून मिळत असे. नव्या सरकारांनी कर वाढवले आणि देवळांचे उत्पन्न इतरत्र वळवले. मग प्रतिष्ठित माणसे बाजूला झाली आणि वसुली धटिंगणांच्या हाती गेली.

माओच्या काळासाठी यांग जिशेंग यांचे ‘टूमस्टोन’ टाळू नये, वाचणे कितीही क्लेशदायक असले तरी. सरकारी वृत्तसंस्था शिन्हुआमध्ये पत्रकार असलेल्या यांग यांचे वडील १९५९ मध्ये हुबेईत भुकेने गेले. पुढे त्याच नोकरीच्या आधारे त्यांनी प्रांतोप्रांतीची दफ्तरे पाहिली आणि ‘मोठी झेप’ या मोहिमेतून ओढवलेल्या दुष्काळात सुमारे ३ कोटी ६० लाख माणसे मेल्याचा अंदाज मांडला. २००८ मध्ये हाँगकाँगला निघालेले हे पुस्तक चीनच्या मुख्य भूमीवर विकता येत नाही.

आजच्या श्रद्धाजीवनासाठी इयान जॉन्सन यांचे ‘द सोल्स ऑफ चायना’ (२०१७) घ्यावे. बीजिंगजवळच्या मिआओफंगशान डोंगराची यात्रा, शान्शी प्रांतातले अंत्यविधी करणारे दाओपंथी घराणे आणि चेंगदूमधील नोंदणी नसलेले एक ख्रिस्ती चर्च यांच्याबरोबर ते पारंपरिक पंचांगानुसार वर्षभर फिरतात. त्यातली आशा वाचताना पुढची घडामोड ठाऊक असलेली बरी: त्या चर्चचे पाद्री वांग यी यांना डिसेंबर २०१८ मध्ये अटक झाली आणि वर्षभराने ९ वर्षांची कैद.