गृहपाठ झाला? मग टाक फासा!

वर्गाच्या भिंतीवर ‘व्यापार’सारखा भलामोठा पट लावलेला असतो आणि त्यावर प्रत्येक मुलाच्या नावाची चकती असते. आठवड्याचा गृहपाठ पूर्ण करणाऱ्याने पुढे यायचं, फासा टाकायचा आणि पडेल तितकी घरं चकती सरकवायची. एका घरावर नवी पेन्सिल मिळते, दुसऱ्यावर हव्या त्या बाकावर बसायची मुभा, तिसऱ्यावर नशिबाची चिठ्ठी. अमेरिकेतल्या अनेक प्राथमिक शिक्षकांनी वापरलेला हा खेळ म्हणजे ‘होमवर्कोपोली’.

त्याची खरी जादू फाशात आहे. बक्षीस नेमकं कधी मिळेल हे ठाऊक नसलं, की प्रयत्न अधिक चिकाटीने चालू राहतात, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं. मुलंही ‘या वेळी काय पडेल’ या उत्सुकतेने वही उघडतात.

गट पाडले तर रंगत आणखी वाढते. 1969 साली अमेरिकेत वर्गात शिस्त आणण्यासाठी चौथीच्या एका वर्गाचे दोन संघ केले गेले. नियम मोडला की त्या संघाच्या नावापुढे फळ्यावर खूण. खुणा ठरलेल्या मर्यादेत राहिल्या, तर दोन्ही संघ जिंकू शकत. जेवणाच्या रांगेत पहिला नंबर, थोडा मोकळा वेळ, अशी साधीच बक्षिसं. तरी वर्गातला गोंधळ झपाट्याने कमी झाला.

मात्र बक्षिसाचा हात आखडताच हवा. 1973 साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत आवडीने चित्रं काढणारी मुलं निवडली. ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक देऊ’ असं आधीच सांगितलेल्या मुलांचा चित्रांतला रस पुढे कमी झाला. अचानक प्रशस्तिपत्रक मिळालेल्यांचा टिकून राहिला. म्हणून ज्याला गणितं सोडवायला मुळातच आवडतात, त्याला आमिषाची गरज नाही. खेळ हवा तो वही उघडायलाच कंटाळणाऱ्यांसाठी.

गृहपाठही आटोक्यातला हवा. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठच नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. त्याहून जास्त लादून वर फासा हाती देणं ही मुलांची फसवणूक ठरेल.

शिक्षकांना एकच विनंती. एखाद्याची चकती आठवडे-आठवडे जागची हलत नसेल, तर त्याला वर्गासमोर टोकू नका. घरी अभ्यासाला जागा आहे का, धाकट्या भावंडाला कोण सांभाळतं, हे त्याला बाजूला घेऊन विचारा आणि शाळेतच अर्धा तास बसवून गृहपाठ करून घ्या.