चारचौघी काय म्हणतात?

मैत्रिणींनो, ब्लाऊज चांगला कोण शिवतं हे आपण शिंप्याला नाही विचारत, शेजारणीला विचारतो. गूगलचंही तसंच! संकेतस्थळ स्वतःबद्दल काय सांगतं एवढंच ते बघत नाही. इतरांनी दिलेल्या लिंकवर कोणते शब्द आहेत, तेही वाचतं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ च्या निबंधातच हे मांडलं होतं.

याची गंमतही झाली. २००३ मध्ये अनेकांनी 'मिझरेबल फेल्युअर' म्हणजे 'दारुण अपयश' या शब्दांवरून अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या परिचयाच्या पानाला लिंक दिली. पानावर हे शब्द नव्हतेच, तरी शोधलं की तेच पहिलं! जानेवारी २००७ मध्ये गूगलने त्यावर तोडगा काढला.

माझ्या वहिनीची मात्र गंमत नाही झाली. तिच्या घरगुती भाजणीच्या संकेतस्थळासाठी एका 'तज्ज्ञा'ने पैसे घेऊन शेकडो लिंक लावल्या. सगळीकडे तेच शब्द, 'थालीपीठ भाजणी'. काही महिन्यांत संकेतस्थळ शोधात दिसेनासं झालं. वर्षाची बचत गेली ती वेगळीच. असल्या विकतच्या कौतुकाला चाप लावायला गूगलने २०१२ मध्येच 'पेंग्विन' नावाचा बदल आणला होता, हे तिला कुणी सांगितलंच नाही.

तेव्हा एवढंच करा. आपल्या पानांवर 'इथे क्लिक करा' नको, 'उपासाची भाजणी' असं नेमकं लिहा. लिंक विकत घेऊ नका. भाजणी खमंग असली की चारचौघी आपापल्या शब्दांत नाव घेतातच!