पक्षी एकच, वेळा दोन: यंत्राची नोंद माणसाच्या नोंदीशी जुळवायची कशी?

खानापूर तालुक्यातले भीमगड असो की पलीकडे गोव्याचे म्हादई, दाट जंगलात पक्षी दिसतो कमी, ऐकू येतो जास्त. म्हणून झाडाला ध्वनिमुद्रक बांधायचा आणि तासन्‌तासांचा आवाज संगणकाला ऐकवायचा, ही पद्धत आता रुळली आहे. अमेरिकेतील कॉर्नेल आणि जर्मनीतील केम्निट्झ इथल्या संशोधकांचे ‘बर्डनेट’ हे त्यातले ओळखीचे नाव.

पण यंत्र बरोबर ऐकते की नाही, हे कळणार कसे? त्यासाठी जाणकार माणूस त्याच मुद्रणाचा काही भाग ऐकून पक्ष्याचे नाव, हाकेची सुरुवात आणि शेवट लिहितो. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. दुकानाची रोजकीर्द आणि बँकेचे पासबुक जुळवावे, तसेच हे काम. रक्कम तीच, पण तारीख वेगळी पडली की जुळवणी अडते. इथे मात्र अशा वेळी दोष लागतो तो यंत्राच्या कानाला, आणि जंगलात असलेला पक्षी यादीतून गळू शकतो.

मोठा घोळ तासांचा. ‘ऑडिओमॉथ’ हा छोटा मुद्रक नेहमीच्या सेटिंगमध्ये फाइलच्या नावात जागतिक प्रमाणवेळ टाकतो. आपली वेळ तिच्या 5 तास 30 मिनिटे पुढे. हे विसरले तर पहाटे 6 वाजता शीळ घालणारा कस्तूर यादीत रात्री साडेबाराला गातो! ही चूक निदान लगेच डोळ्यांत भरते.

सेकंदांची चूक भरत नाही. बर्डनेट आवाजाचे 3-3 सेकंदांचे तुकडे करून प्रत्येकाचा निकाल देते. समजा, माणसाने 2.6 ते 3.4 सेकंद अशी हाक लिहिली. ती दोन तुकड्यांत वाटली जाते. ‘दोन्ही नोंदी निम्म्या तरी एकावर एक याव्यात’ अशी अट ठेवली, तर पक्षी ओळखूनही यंत्र नापास. वर हाक हुकल्याचा आणि खोटी नोंद केल्याचा ठपका. मुळात 0.8 सेकंदाची हाक 3 सेकंदांचा निम्मा तुकडा भरणार कशी? त्यापेक्षा माणसाच्या नोंदीच त्या तुकड्यांत बसवाव्यात: या तुकड्यात हाक आहे की नाही, एवढेच. निसटती कड किती असली तर धरायची, हे आधीच ठरवावे.

आणखी एक खाच. ‘रेव्हन’मध्ये अनेक फाइली एकत्र उघडल्या, तर सुरुवातीची वेळ पहिल्या फाइलपासून मोजली जाते, यंत्र प्रत्येक फाइल शून्यापासून मोजते. मधे मुद्रण थांबत असेल तर फरक वाढतच जातो.

माणसाने जंगलात उभे राहून मोबाइलच्या घड्याळावर नोंदी केल्या असतील, तर मुद्रकाचे घड्याळही तपासावे लागते. दहा लाख सेकंदांत 20 सेकंद चुकणारे घड्याळ दिवसाला सुमारे 1.7 सेकंद सरकते, दहा दिवसांत 17. उपाय साधा: मुद्रकासमोर सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवायची, मोबाइलवरची वेळ लिहायची. दोन टाळ्यांमधला फरक दिवसांवर सारखा वाटून द्यायचा.

टाळी राहून गेली, तर यंत्राची यादी अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने मागेपुढे सरकवून सर्वांत जास्त नोंदी कुठे जुळतात ते पाहतात. मात्र हे एका दिवसाच्या मुद्रणावर करावे आणि यंत्राची परीक्षा दुसऱ्या दिवसाच्या मुद्रणावर घ्यावी. नाहीतर ती जुळवून आणलेली जुळवणी ठरते.