हवाबंद डब्यातील मटार की चमचाभर तीळ?

महाग वस्तू तेवढी सकस, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. आम्हीही त्यास अपवाद नव्हतो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी बाळंतपणानंतर डॉक्टरांनी "रक्त कमी आहे" असे सांगितले, तेव्हा लोहाच्या गोळ्यांबरोबर आम्ही हौसेने हवाबंद डब्यातील मटार आणले. आईने कुटलेली तिळाची चटणी मात्र 'गरिबाचे खाणे' म्हणून फडताळातच राहिली. पुढे पोषणमूल्यांचे तक्ते पाहिले आणि आमची चूक ध्यानी आली. इतरांनी ती करू नये, यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम आकडे पाहू. पाणी निथळलेले मटार व सालासकट तीळ, प्रत्येकी १०० ग्रॅम घेतल्यास सर्वसाधारणपणे पुढील घटक मिळतात :

उष्मांक : मटार ७०, तीळ ५७०
प्रथिने : मटार ४.५ ग्रॅम, तीळ १८ ग्रॅम
स्निग्ध पदार्थ : मटार अर्ध्या ग्रॅमहून कमी, तीळ ५० ग्रॅम
कॅल्शियम : मटार २० मि.ग्रॅ., तीळ सुमारे १००० मि.ग्रॅ.
लोह : मटार १ मि.ग्रॅ., तीळ १४ मि.ग्रॅ.
'क' जीवनसत्त्व : मटार १० मि.ग्रॅ., तीळ जवळजवळ नाही

यावरून तीळ कितीतरी पटींनी श्रेष्ठ, असे कोणीही म्हणेल. परंतु तो निष्कर्ष घाईचा ठरेल. मटारात शंभरातील ऐंशीहून अधिक भाग पाणी असते, तिळात जेमतेम पाच. शिवाय वाटीभर मटार आपण सहज खातो; १०० ग्रॅम तीळ एका बैठकीत कोणी खात नाही. म्हणून तुलना करावयाची ती ताटात पडणाऱ्या मापाने.

एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे १० ग्रॅम तीळ घेतले तर कॅल्शियम १०० मि.ग्रॅ. व लोह १.४ मि.ग्रॅ. मिळते. वाटीभर मटारापेक्षा कॅल्शियम पाचपट आणि लोह जवळजवळ दीडपट! प्रथिनांत मात्र मटाराची वाटी पुढे आहे. प्रौढ स्त्रीला रोज २९ मि.ग्रॅ. लोह लागते, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत म्हटले आहे. तेव्हा एका चमच्याने सारे भागेल, असेही समजू नये. रक्त कमी असल्यास डॉक्टरांच्या गोळ्यांना पर्याय नाही.

डब्यातील मटार वाईट आहेत, असे आमचे म्हणणे नाही. ताजी भाजी मिळत नाही तेव्हा ते उपयोगी पडतात. मात्र डबा भरताना दिलेल्या उष्णतेने 'क' जीवनसत्त्व ताज्या मटाराच्या चौथ्या हिश्श्यावर येते, व मिठाच्या पाण्यामुळे सोडियम वाढते. म्हणून ते पाणी ओतून मटार धुऊन घ्यावेत. डबा फुगलेला असल्यास तो न चाखता फेकून द्यावा.

तिळाबाबतही काही पथ्ये आहेत. तिळातील बहुतेक कॅल्शियम सालात असते. सोललेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात ते फारच थोडे उरते. अर्थात सालातील सारेच कॅल्शियम शरीरास लागू पडत नाही, कारण त्यातील ऑक्झॅलेट ते धरून ठेवते. अखंड तीळ पुष्कळदा न पचताच बाहेर पडतात. म्हणून ते भाजून कुटावेत. चटणीवर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अधिक शोषले जाते. जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास शोषण घटते. स्निग्धांश भरपूर असल्याने तीळ चमच्याच्या मापातच खावेत.

तात्पर्य, भाकरीबरोबर तिळाची चटणी हे कमीपणाचे जेवण नव्हे. विद्यार्थी मित्रांनी डब्यावरील चित्रापेक्षा त्यामागील आकडे वाचावेत, आणि ते आकडे किती ग्रॅमचे आहेत हेही पाहावे. आमच्या घरी आता चटणीची बरणी फडताळातून ताटाजवळ आली आहे.