ठासणीच्या बंदुकीवर दुर्बीण
लेखमाला : शिकारीचे कायदे – लेखांक 6

बंदुका आणि काडतुसांवरचा कर 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे अमेरिकेतल्या राज्यांच्या वन्यजीव खात्यांपर्यंत कसा पोहोचतो, हे आपण गेल्या लेखांकात पाहिले. त्याच खात्यांना आज एका अवघड वादात निवाडा द्यावा लागतो आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीचे दार बंद केले, त्यामुळे शिकारीचा ‘हंगाम’ ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटेल. अमेरिकेत प्रत्येक राज्य कोणते जनावर, कोणत्या तारखांना आणि कोणत्या हत्याराने मारता येईल हे ठरवून देते. रायफलींच्या मुख्य हंगामाखेरीज धनुष्यबाणाचे आणि ठासणीच्या बंदुकीचे वेगळे, राखीव हंगाम असतात. या राखीव हंगामांत आधुनिक उपकरणे चालवून घ्यावीत का, हा तो वाद आहे. माझे उत्तर असे : हत्यार जुने की नवे यावर काही ठरू नये. एका मर्यादेच्या बदल्यात या हंगामाला सवलत मिळाली आहे. ती मर्यादाच पुसून टाकणाऱ्या उपकरणाला त्यात जागा नसावी.

ही सवलत किती मोठी आहे, ते कोलोरॅडोत दिसते. तिथे ठासणीच्या बंदुकीचा हंगाम सप्टेंबरात येतो. एल्क या मोठ्या हरणांचा तो माजाचा काळ. नर मोठ्याने साद घालत फिरतात, एरवीचा सावधपणा विसरतात आणि आवाजाच्या रोखाने त्यांच्याजवळ जाता येते. मुख्य रायफल हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, तेव्हा ही संधी बरीचशी हातची गेलेली असते. वर्षातले इतके सोयीचे दिवस थोड्या लोकांना द्यायला राज्य तयार होते, कारण त्यांच्या हातातले हत्यार कमी पल्ल्याचे, एकच बार काढणारे आणि भरायला वेळखाऊ असते. म्हणूनच कोलोरॅडोचा नियम नेमका या मर्यादेवर बोट ठेवतो : दुर्बीण नको, दारूच्या तयार वड्या नकोत, गोळीभोवती प्लास्टिकचे वेष्टण नको.

ही मर्यादा प्रत्यक्षात काय असते, ते चकमकीच्या बंदुकीत पाहावे. दारू मोजून नळीत ओतायची. चरबी लावलेल्या कापडाच्या चकतीत शिशाची गोल गोळी बसवून ती गजाने तळापर्यंत ठासायची. मग बाहेरच्या छोट्या पेल्यात चिमूटभर रंजक घालायची. चाप ओढल्यावर गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी रंजकीवर पडते आणि नळीच्या कानातून आग आत शिरते. तेवढ्या क्षणभरात नेम हलला तर बार वाया जातो, आणि पावसाने किंवा बर्फाने रंजक ओलावली तर तो उडतच नाही. गोल गोळी आणि साधी खाच यांच्या भरवशावर शंभर यार्डांपलीकडे नेम धरणे बहुतेकांना झेपत नाही.

1985 मध्ये मिसूरीच्या टोनी नाइट यांची एमके-85 ही ठासणीची बंदूक बाजारात आली आणि हे चित्र पालटले. तिच्यात ठिणगी थेट नळीच्या मागून दारूवर पडते, त्यामुळे बार झटकन आणि खात्रीने उडतो. पुढे दारूच्या वड्या आल्या, प्लास्टिकच्या वेष्टणातल्या टोकदार गोळ्या आल्या, शॉटगनच्या काडतुसाची टोपी ठिणगीसाठी वापरात आली आणि वर दुर्बीण चढली. अशा बंदुकीने सराईत शिकारी 200 यार्डांवरही सहज नेम साधतो. गोळी अजून तोंडातूनच ठासली जाते आणि बार एकच असतो हे खरे, पण ज्या कमी पल्ल्यासाठी आणि बेभरवशासाठी वेगळे दिवस दिले होते, ते दोन्ही आता उरलेले नाहीत. मिसिसिपी याच्याही पुढे गेले. तिथल्या ‘आदिम शस्त्र’ हंगामात बाहेर दिसणारा घोडा असलेली, मागून धातूचे काडतूस भरायची एकबारी रायफलही चालते.

यावर पहिला आक्षेप दयेचा आहे. दुर्बिणीने नेम नेमका लागतो, जनावर तडफडत नाही. मग ती नाकारणे क्रूरपणाचे नाही का? हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. जखमी होऊन पळालेले हरीण ही शिकारीतली सर्वांत वाईट गोष्ट. पण दुर्बीण मिळाली की माणूस पूर्वीच्याच अंतरावर थांबत नाही. तो अंतर वाढवतो आणि चुकण्याची शक्यता पुन्हा तितकीच होते. जनावराची खरी काळजी गोळीच्या किमान जाडीचा नियम, सराव आणि लांबचा बार सोडून देण्याचा संयम यांत आहे.

दुसरा आक्षेप वयाचा : नजर अधू झालेल्या शिकाऱ्याने काय करावे? त्याच्यासाठी वैद्यकीय दाखल्यावर वैयक्तिक सूट द्यावी. अपंगांना क्रॉसबो वापरू देण्यासाठी अनेक राज्यांनी हाच मार्ग वापरला आहे. एकाची अडचण दूर करण्यासाठी सगळ्यांचा नियम सैल करायचे कारण नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. अनेक राज्यांत हरणे फार झाली आहेत, जंगलाची नवी रोपे ती खाऊन टाकतात. मग जास्त हरणे मारणारे हत्यार का अडवायचे? याचे उत्तर पेनसिल्व्हेनियाने देऊन ठेवले आहे. तिथे 1974 पासून चकमकीच्या बंदुकीचा हंगाम आहे. तो नाताळानंतरच्या थंडीत येतो, आणि त्यात 1800 पूर्वीच्या घडणीची बंदूक व उघडा नेम एवढेच चालते. ऑक्टोबरात शिंगे नसलेल्या हरणांसाठी ठासणीचा वेगळा हंगाम असतो, त्यात आधुनिक बंदूक आणि दुर्बीण दोन्ही चालतात. संख्या घटवायची तिथे परिणामकारक हत्यार, कस लावायचा तिथे कठीण हत्यार. दोन उद्देशांची गल्लत केली नाही, तर दोन्ही साधतात.

गल्लत केली तर काय होते, हे युटाने अनुभवले. 2016 मध्ये तिथे ठासणीच्या बंदुकीवर मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणीला परवानगी मिळाली आणि 2024 मध्ये राज्याने ती मागे घेतली. जिथे परवाने मोजके असतात आणि सोडतीने मिळतात, तिथे हिशेब साधा आहे : प्रत्येक परवान्यामागे जास्त जनावरे पडू लागली, की परवाने कमी करावे लागतात. दुर्बिणीचा फायदा एकाला होतो आणि रानात जायची संधी दुसऱ्याची जाते. म्हणून प्रत्येक नव्या उपकरणाबद्दल खात्याने एकच विचारावे : याने पल्ला किंवा बाराची खात्री वाढते का? वाढत नसेल, तर कोट कृत्रिम धाग्याचा असो की दस्ता प्लास्टिकचा, खुशाल चालू द्यावे. वाढत असेल, तर त्याची जागा मुख्य हंगामात. धनुष्यबाणाच्या हंगामाला ही कसोटी लावणे याहून कठीण आहे, कारण हॉलिस विल्बर ॲलन यांच्या कप्प्यांच्या धनुष्याला 1969 मध्ये पेटंट मिळाले आणि आज बहुतेक धनुर्धारी तेच वापरतात. त्याचा विचार पुढच्या लेखांकात.